वरचा ठोकळा पुढे कसा गेला?

अकरावी-बारावीच्या मार्गदर्शकांत एक उदाहरण हमखास भेटते. घर्षणरहित टेबलावर ३ किग्रॅ वस्तुमानाचा ठोकळा, त्याच्यावर १ किग्रॅचा दुसरा. खालच्या ठोकळ्याला बांधलेली दोरी टेबलाच्या कडेला बसवलेल्या हलक्या कप्पीवरून खाली सोडलेली, तिच्या टोकाला १ किग्रॅचे वजन. दोन ठोकळ्यांमधील घर्षण गुणांक ०.२५. गुरुत्वत्वरण १० मी/से² धरून ठोकळ्यांची त्वरणे काढा.

आमच्या पाहण्यात आलेली अनेक उत्तरे अशी सुरू होतात : घर्षणबल = ०.२५ × १० = २.५ न्यूटन. पुढची आकडेमोड बिनचूक असते. वरच्या ठोकळ्याचे त्वरण २.५ मी/से². खालचा ठोकळा व वजन मिळून ४ किग्रॅ, त्यांवरील निव्वळ बल १० − २.५ = ७.५ न्यूटन, म्हणून त्वरण १.८७५ मी/से². उत्तराखाली दोन रेघा मारल्या की काम संपले!

पण हे उत्तर काय सांगते? वरच्या ठोकळ्याला दोरी बांधलेली नाही. त्याला पुढे नेणारे बल एकच, खालच्या ठोकळ्याचे घर्षण. तरीही तो खालच्यालाच मागे टाकतो आहे! तसे खरोखर घडले, तर घर्षण त्याला मागे ओढेल. म्हणजे ज्या गृहीतावर आकडेमोड उभी आहे, तेच उत्तराने खोडून काढले.

चूक पहिल्याच ओळीत आहे. २.५ न्यूटन ही घर्षणाची कमाल मर्यादा आहे. घसरण होत नसेल तोवर घर्षण गरजेपुरतेच असते. म्हणून आधी दोन्ही ठोकळे एकत्र जातात असे धरू. त्वरण १० ÷ ५ = २ मी/से². त्यासाठी वरच्या ठोकळ्याला २ न्यूटन घर्षण हवे. ते मर्यादेच्या आत आहे, म्हणून गृहीत बरोबर.

आता वजन २ किग्रॅ करा. एकत्र जाण्यासाठी त्वरण २० ÷ ६, म्हणजे सुमारे ३.३ मी/से² लागेल, आणि वरच्या ठोकळ्याला तेवढेच न्यूटन घर्षण. ते मिळणे शक्य नाही, ठोकळा घसरणार. स्थितिक व गतिक घर्षण गुणांक समान मानल्यास वरच्याचे त्वरण २.५ आणि खालच्याचे १७.५ ÷ ५ = ३.५ मी/से². या वेळी खालचा पुढे आहे, उत्तर सुसंगत आहे. या दोहोंमधली सीमा सुमारे १.३३ किग्रॅवर येते.

उदाहरणाला आमचा आक्षेप नाही. ते उत्तमच आहे. आक्षेप आहे तो सूत्रात आकडे भरण्याच्या घाईला आणि ‘घर्षण गतीला विरोध करते’ या अर्धवट वाक्याला. घर्षण विरोध करते ते पृष्ठभागांच्या परस्परांवरील घसरण्याला. इथे तर गती देणारे तेच आहे. पुस्तकावर डस्टर ठेवून पुस्तक आधी सावकाश ओढा, मग झटक्याने ओढा. दोन्ही प्रकार वर्गाला दिसतील.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. त्वरणाला गुण द्याच, पण ‘हे उत्तर शक्य आहे का?’ या तपासणीलाही एक गुण राखून ठेवा.