व्हायोलिन ‘गातं’ म्हणजे नेमकं काय करतं?

व्हायोलिनची मैफल संपली की आपण एकमेकांना म्हणतो, “काय गायलं हो व्हायोलिन!” वादकाला याहून मोठी शाबासकी आपल्याकडे नाही. आज या शाबासकीचाच विचार करू, कारण तिच्यात एक अडचण दडलेली आहे.

प्रभाकर जोगांचं ‘गाणारं व्हायोलिन’ घ्या. जोग सुधीर फडक्यांचे सहायक. भावगीताची हरकत न् हरकत त्यांच्या बोटांत मुरलेली. ते ओळखीचं गीत वाजवायचे तेव्हा शब्दसुद्धा ऐकू यायचे, असं आपण सांगतो. पण तारेत शब्द कुठे असतात? ते आपल्या स्मरणात असतात, व्हायोलिन त्यांना जागं करतं. ज्यानं ते गीत कधी ऐकलंच नाही, त्याच्या वाट्याला फक्त सूर येतात. म्हणजे बघा, आपल्या दादेतला काही वाटा आपल्याच आठवणीला जातो.

एन. राजम यांच्यापाशी प्रश्न अधिक अवघड होतो. त्या ओंकारनाथ ठाकूरांकडे शिकल्या आणि गायकी अंग त्यांनी व्हायोलिनवर आणलं. त्यांच्या विलंबित आलापात आठवायला शब्द फारसे नसतात, तरी गळा जाणवतो. का? व्हायोलिनला पडदे नाहीत, त्यामुळे बोट एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकतं. आपला वादक मांडी घालून बसतो, वाद्याचं टोक पायावर टेकवतो. मग डावा हात लांब मींड घ्यायला मोकळा राहतो. सतारीचा स्वर छेडल्यावर विझत जातो, इथे गज फिरतोय तोवर स्वर टिकतो, फुलवताही येतो. याला नुसती नक्कल म्हणणं अपुरं आहे. गळ्यानं केलेला विचार वाद्य स्वतःच्या साधनांनी पुन्हा करतं.

पण गायन हीच एकमेव कसोटी मानली, तर वाईच्या व्ही. जी. जोगांचं काय करायचं? बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या शहनाईबरोबरच्या त्यांच्या जुगलबंद्या ऐका. गजाचे छोटे, तुटक आघात, तबल्याशी रंगलेला लयीचा खेळ, तंतकारीचा बाज. हे गळ्याचं कामच नव्हे! ‘गातं का?’ एवढंच विचारलं तर या वादनाला आपण कमी गुण देऊ, आणि दोष आपल्या प्रश्नाचा असेल.

तेव्हा आमची विनंती इतकीच: पुढच्या मैफलीत शब्द आठवू लागले, तर क्षणभर त्यांना बाजूला ठेवून ऐकावं. त्यानंतरही जे धरून ठेवतं, ते व्हायोलिनचं स्वतःचं.