फिकं म्हणायची घाई

दोन वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये नोकरीला आले तेव्हा इथल्या कँटनीज जेवणाबद्दल मैत्रिणींच्या ग्रुपवर लिहिलं होतं, ‘आजाऱ्याचं जेवण. चवच नाही.’ सगळ्यांनी हसणारे इमोजी टाकले. ते मत मला आता मागे घ्यायचं आहे.

गेल्या शुक्रवारी रात्री साडेअकराला याउ मा तेईतल्या एका साध्या हॉटेलात शिरले. या वेळच्या खाण्याला इथे ‘सिउ ये’ म्हणतात. म्हणजे उशिरा उरकलेलं जेवण नव्हे, तर रात्रीचं जेवण होऊन गेल्यावर मुद्दाम केलेलं आणखी एक खाणं. ट्यूबलाइट, गोल टेबल, समोर एक अनोळखी काका. ते गरम चहाने आपला वाडगा विसळत होते, मीही विसळला. त्यांनी मला चहा ओतला, मी दोन बोटांनी टेबलावर टकटक केलं. इथे आभार असेच मानतात.

मग ‘जुक’ आली, म्हणजे पेज. (कोकणातल्या वाचकांनी रागावू नये, तुमच्याकडे ती धडधाकट माणसंही खातात. मी पुण्याची. आमच्याकडे पेज तापात.) तांदूळ इतका शिजलेला की दाणा कुठे संपतो आणि पाणी कुठे सुरू होतं ते सांगता येत नाही. त्यात माशाचे पातळ कच्चे काप, पेजेच्या उष्णतेनेच शिजणारे. आल्याच्या बारीक काड्या, कांद्याची पात, पांढरी मिरपूड. बस. या पदार्थात आचाऱ्याला लपायला जागाच नाही. मासा शिळा असता तर पहिल्याच घासाला कळलं असतं. झणझणीत रश्श्यात शिळा मासाही खपून जातो, आणि आपण वर रश्श्याचं कौतुक करतो.

बीफ हो फन मात्र फसलं होतं. तांदळाच्या या रुंद नूडल्स मोठ्या आचेवर परतताना तुटता कामा नयेत आणि प्लेट रिकामी झाल्यावर तळाशी तेलाचं तळं दिसता कामा नये. माझ्या नूडल्स तुटल्या होत्या, तळंही होतं. पण ‘वोक हेई’ होतं. शब्दशः कढईचा श्वास, तो धुरकट वास. काही मिनिटांत उडून जातो, म्हणून हा पदार्थ पार्सल मागवणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

अडचण माझ्या जिभेची कमी, शब्दांची जास्त होती. चमचमीत, झणझणीत, खमंग हे आपले कौतुकाचे शब्द. त्यांच्या पलीकडे एकदम फिकं, अळणी, मिळमिळीत, म्हणजे थेट शिव्याच. मधला ‘सौम्य’ शाम्पूच्या बाटलीवर राहतो. कँटनीजमध्ये ‘चिंग’ म्हणजे स्वच्छ, हलकं, आणि चवीबद्दल ही शाबासकी असते. मी तर शेजवान चटणीवर वाढलेली. तिच्या नावातला सिचुआन प्रांत इथून शेकडो किलोमीटर दूर आहे, आणि तिथेही ती चटणी कुणी ओळखणार नाही.

बाराला वेटरने अर्धे दिवे बंद केले. कोविडच्या आधी दोनपर्यंत चालू असायचं, म्हणाला. 2020 मध्ये आणि पुन्हा 2022 च्या सुरुवातीला संध्याकाळी सहानंतर हॉटेलात बसून खायला बंदी होती. तेव्हा घरी लवकर जायची सवय लागलेली गिऱ्हाइकं परत आलीच नाहीत. मला चव कळायला आणि ही टेबलं उलटी व्हायला एकच गाठ पडली.

घरी येऊन त्याच ग्रुपवर वाडग्याचा फोटो टाकला.

एकीने लगेच विचारलं, ‘बरी आहेस ना?’