बांधावर न गेलेला कंपायलर

लिनक्सच्या कर्नलची बांधणी करताना जीसीसी या कंपायलरला ज्या सूचना दिल्या जातात, त्यांत एक सूचना वर्षानुवर्षे ठाण मांडून बसली आहे: नो-स्ट्रिक्ट-एलियासिंग. पोस्टग्रेस हा डेटाबेस तीच सूचना देतो. फ्रीबीएसडीचा कर्नल देतो, क्रोमियम देतो, फायरफॉक्सही देतो. सी आणि सी++ मध्ये लिहिलेल्या सर्वांत घासूनपुसून घेतलेल्या कोडची ही यादी आहे. यातल्या प्रत्येकाला वेगाचे वेड आहे. आणि तरीही ही सगळी मंडळी कंपायलरला एकमुखाने सांगतात, की भाषेच्या प्रमाणाने तुला वेगासाठी जो एक अधिकार दिला आहे, तो आमच्या दारात वापरू नकोस.

तो अधिकार असा. समजा एका फंक्शनला दोन पॉइंटर मिळाले, एक इंटकडे बोट दाखवणारा आणि दुसरा फ्लोटकडे. फंक्शन पहिल्यातून १ लिहिते, दुसऱ्यातून शून्य लिहिते आणि मग पहिल्यातून वाचून उत्तर परत करते. दोन्ही पॉइंटर मेमरीतल्या एकाच जागेवर रोखलेले असतील (यालाच एलियासिंग म्हणतात), तर उत्तर शून्य यायला हवे. पण जीसीसी किंवा क्लँग हे कंपायलर, ऑप्टिमायझेशनच्या ओ-टू पातळीवर, पुन्हा वाचायच्या फंदातच पडत नाहीत. सरळ १ परत करतात. कारण प्रमाण सांगते की एका टाइपची वस्तू दुसऱ्या, न जुळणाऱ्या टाइपच्या पॉइंटरमधून हाताळायची नाही. अपवाद मोजके आहेत, त्यातला महत्त्वाचा म्हणजे कॅरेक्टरचा पॉइंटर. त्याला कुठेही हिंडायची मुभा. बाकीच्यांनी नियम मोडला तर प्रोग्रॅमचे वर्तन अनिर्धारित, म्हणजे पुढे काहीही झाले तरी कंपायलर जबाबदार नाही.

एका उताऱ्यावर ज्वारी आणि दुसऱ्यावर ऊस लागलेला दिसतो, त्याअर्थी गट दोन असलेच पाहिजेत, असे तलाठ्याने बांधावर पाऊल न टाकता ठरवावे, तसा हा निवाडा आहे. बहुतेक वेळा तो बरोबर येतो. चुकतो तो नेमका तिथे, जिथे एकाच जमिनीत दोन पिके घेणे हाच धंदा आहे: ऑपरेटिंग सिस्टिम, मेमरी अ‍ॅलोकेटर, नेटवर्कचे पॅकेट उलगडणारा कोड, भाषांचे इंटरप्रिटर. ज्या कामासाठी सी जन्माला आली त्याच कामाला तिचा हा नियम आडवा येतो. ही अवस्था अपघाताने आलेली नाही, आणि तिचे खापर केवळ आळशी प्रोग्रॅमरवर फोडणेही मला मान्य नाही.

कंपायलरवाल्यांची बाजू खोटी नाही. दोन पॉइंटर एकाच जागी पोहोचतात का, हे ठाऊक नसेल तर प्रत्येक लिहिण्यानंतर रजिस्टरमधली किंमत टाकून देऊन मेमरीत पुन्हा खेप मारावी लागते. लूपमधून काही बाहेर काढता येत नाही, चार-चार आकडे एकदम हाताळणाऱ्या व्हेक्टर सूचना वापरता येत नाहीत. फोरट्रानमध्ये फंक्शनला दिलेले अ‍ॅरे एकमेकांवर चढलेले असतील आणि त्यांत लिहायचे असेल, तर ते मुळात नियमबाह्य. म्हणून आकडेमोडीत ती भाषा सीला दशकानुदशके खिजवत आली. सीमध्ये दोन पॉइंटर एकाच जागी येतात का हे आधीच शोधून काढावे म्हटले, तर सर्वसाधारण उत्तर काढणेच अशक्य आहे. विल्यम लँडी आणि जी. रामलिंगम यांनी १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात ते सिद्ध केले. उरते ती अंदाजाची कला, आणि तिच्यावर आपल्याकडेही चांगले काम झाले आहे. आयआयटी मुंबईत उदय खेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मांडलेल्या पद्धतीचे सूत्र साधे होते: जो पॉइंटर पुढे वापरलाच जाणार नाही, तो कुठे बोट दाखवतो याची उठाठेव करायची नाही. ही मेहनत कोड वाचून केलेली आहे. टाइपचा नियम ही मेहनत वाचवतो, पण ती प्रोग्रॅमरच्या नावे उधारी टाकून.

उधारीची नोंद १९८९ च्या अमेरिकी प्रमाणात झाली. त्याआधीच्या वर्षी त्या समितीत नोएलियस नावाच्या एका शब्दावरून रणकंदन माजले होते. 'हा पॉइंटर दुसऱ्या कुणाशी जागा वाटून घेत नाही' असे प्रोग्रॅमरने लिहून द्यावे, ही त्यामागची कल्पना. सीचे जनक डेनिस रिची समितीवर नव्हते, पण त्यांनी इतके जळजळीत पत्र लिहिले की तो शब्द बारगळला. मसुदा खरोखरच सदोष होता, त्यामुळे रिची चुकले असे म्हणवत नाही. पण गंमत बघा. उघडपणे लिहून द्यायचे वचन दारातून हाकलले गेले, आणि टाइपवरून गृहीत धरलेले, कुणी न दिलेले वचन त्याच दस्तऐवजात मुकाट्याने राहिले. दहा वर्षांनी, १९९९ च्या प्रमाणात, रेस्ट्रिक्ट या नावाने ते उघड वचन सुधारून परत आले. तोवर टाइपचा नियम पक्का झाला होता.

फटका बसायलाही तेच वर्ष उजाडले. जुलै १९९९ मध्ये आलेल्या जीसीसी २.९५ ने हा नियम ओ-टूवर आपोआप लागू केला. कोड ठिकठिकाणी मोडू लागला, आणि काही महिन्यांत आलेल्या २.९५.२ ने माघार घेतली. २००१ च्या ३.० मध्ये तो परत आला तो कायमचा. तेव्हापासून जीसीसीच्या बगनोंदीत 'कंपायलर चुकीचा कोड काढतो' अशा तक्रारींचा ढीग साचला आहे आणि उत्तर ठरलेले: बग तुमचा आहे.

मोडतोड कशी होते ते जवळून पाहू. ३२ बिटांच्या एका आकड्याचे दोन अर्धे आपसांत बदलायचे आहेत. प्रोग्रॅमर त्या आकड्याचा पत्ता घेतो, तो शॉर्टच्या पॉइंटरमध्ये कास्ट करतो, दोन्ही अर्ध्यांची अदलाबदल करतो आणि मूळ आकडा परत करतो. कंपायलरच्या हिशेबी शॉर्टमध्ये लिहिल्याने ३२ बिटी पूर्णांक बदलूच शकत नाही. मग अदलाबदल होते ती व्यर्थ, आणि जुना आकडा जसाच्या तसा परत जाऊ शकतो. ऑप्टिमायझेशन बंद ठेवले की सगळे ठीक. मध्ये एक प्रिंटएफ घातला तरी कधी कधी सगळे ठीक. ज्याने असा बग रात्री उशिरापर्यंत हुडकला आहे त्याला ठाऊक असते, की डीबगर लावला की तो सभ्य माणसासारखा वागतो.

याचे सर्वांत मिरवले जाणारे उदाहरण क्वेक थ्री या खेळात आहे. त्याचा स्रोत कोड २००५ मध्ये खुला झाला आणि व्यस्त वर्गमूळ काढणारे ते इवलेसे फंक्शन जगभर गाजले. फ्लोटचे बिट लाँग म्हणून वाचायचे, ५एफ३७५९डीएफ या षोडशमान आकड्यातून त्यांचा अर्धा भाग वजा करायचा, पुन्हा फ्लोट म्हणून वाचायचे आणि न्यूटनच्या पद्धतीचा एक फेरा मारायचा. लोक त्या आकड्याच्या प्रेमात पडतात. पण दोन्ही ठिकाणचे 'म्हणून वाचायचे' प्रमाणाच्या लेखी गुन्हा आहे. (६४ बिटी लिनक्सवर लाँग आठ बाइटचा असल्याने तो कोड आणखी एका कारणाने आपटतो, ती गोष्ट निराळी.)

मग कायदेशीर वाट कोणती? मेमकॉपी. फ्लोटचे चार बाइट पूर्णांकात नकलून घ्यायचे. आजचा कंपायलर ती नक्कल ओळखतो, पुसून टाकतो आणि एकाच सूचनेत काम उरकतो. म्हणजे ज्याच्या भीतीने नक्कल करायची, ती नक्कल पुसली जाईल हा भरवसाही त्याच्यावरच ठेवायचा. सीमध्ये युनियनची वाटही चालते; सी++ मध्ये ती बंद आहे आणि २०२० च्या प्रमाणात तिच्या जागी बिट-कास्ट आले.

अ‍ॅलोकेटरच्या बाबतीत मात्र कायदेशीर वाटच सापडत नाही. छोट्या मायक्रोकंट्रोलरवर मेमरीचा साठा म्हणून कॅरेक्टरचा एक जागतिक अ‍ॅरे घोषित करतात आणि त्यातले तुकडे मागेल त्याला देतात. त्या अ‍ॅरेचा घोषित टाइप कॅरेक्टर. त्यात इंट म्हणून लिहिले की नियम मोडला. कॅरेक्टरच्या पॉइंटरला सगळीकडे मुभा आहे, पण कॅरेक्टरच्या वस्तूत इतरांना प्रवेश नाही. ही मुभा एकतर्फी आहे, हे अनेक मुरलेल्या प्रोग्रॅमरांनाही ठाऊक नसते. ज्या भाषेत युनिक्स लिहिली गेली, त्या भाषेच्या नियमांत राहून इतका साधा अ‍ॅलोकेटर लिहिता येऊ नये, ही मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत गंभीर गोष्ट वाटते.

प्रामाणिक दुरुस्तीचा एक नमुना आहे तो पायथॉनचा. पायथॉनच्या प्रत्येक वस्तूच्या सुरुवातीला संदर्भांची मोजदाद आणि टाइपचा पॉइंटर असतो. जुन्या पद्धतीत एक मॅक्रो ही फील्डे प्रत्येक स्ट्रक्चरमध्ये नुसती चिकटवत असे. मग तीच मोजदाद कधी सामान्य वस्तूच्या पॉइंटरमधून, कधी यादीच्या पॉइंटरमधून बदलली जाई. हा सरळ नियमभंग होता. २००७ मध्ये मार्टिन फॉन लव्हिस यांनी पेप ३१२३ या सुधारणा-प्रस्तावात सुचवले की चिकटवाचिकटवी सोडून एक खरे स्ट्रक्चर पहिला घटक म्हणून आत ठेवावे. पायथॉन ३ मध्ये ते झाले. पण विस्तार-मोड्यूलांचा कोड त्याने मोडणार होता. नाहीतरी सगळेच मोडायचे ठरलेले होते, म्हणून ते जमले. अशी संधी लिनक्सला कधी मिळणार?

लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा एलियासिंगच्या नियमावरचा राग प्रसिद्ध आहे, आणि तो नुसता त्रागा नाही. २००९ मध्ये कर्नलच्या टन या नेटवर्क ड्रायव्हरमध्ये एका पॉइंटरमधून आधी वाचले जाई आणि मग तो शून्य आहे का हे तपासले जाई. वाचले त्याअर्थी तो शून्य नाहीच, असे ठरवून जीसीसीने तपासणी काढून टाकली आणि साध्या बगचे भगदाड झाले. हे प्रकरण एलियासिंगचे नव्हे, पण जातकुळी तीच: न दिलेल्या वचनावर उभारलेला निष्कर्ष. तेव्हापासून कर्नल ती तपासणी पुसू नको अशी आणखी एक सूचना देतो. टोरवाल्ड्स यांच्या पंथातली एक गोष्ट मात्र खटकते. कर्नलची सी ही आता सूचनांच्या आधारे उभी असलेली स्वतंत्र बोली झाली आहे आणि तिचे व्याकरण एका जागी कुठे लिहिलेले नाही.

साधनांनी तरी साथ द्यावी, तर तिथेही दुष्काळ. जीसीसीची इशारा देण्याची सोय एकाच फंक्शनातली ढळढळीत कास्ट पकडते. पॉइंटर दुसऱ्या फाइलीत गेला की तिची नजर संपते. मेमरीच्या इतर चुका प्रोग्रॅम चालताना पकडणारे सॅनिटायझर येऊन कैक वर्षे झाली. टाइपच्या नियमासाठी क्लँगच्या पायाशी असलेल्या एलएलव्हीएममध्ये टाइप-सॅनिटायझर आला तो २०२५ मध्ये. नियम अंमलात आल्यावर पाव शतकाने.

बरे, एवढ्या किमतीत मिळाले काय? हे फारसे कुणी नीट मोजले नव्हते. २०२५ मध्ये लुचियान पोपेस्कू आणि नुनो लोपेस यांनी क्लँगमधली अनिर्धारित वर्तनावर बेतलेली ऑप्टिमायझेशने एकेक करून बंद केली आणि वेग तपासला. फरक बहुतांशी किरकोळ निघाला. जिथे घट झाली तिथेही कंपायलरमध्ये थोडी डागडुजी करून किंवा लिंकिंगच्या वेळी सगळा प्रोग्रॅम एकत्र तपासून ती बऱ्याचदा भरून काढता आली. घट्ट लूपच्या वैज्ञानिक कोडमध्ये नियमाला किंमत असेल, हे मी मान्य करतो. तिथे रेस्ट्रिक्ट लिहावे.

रस्टने उलटी दिशा धरली. तिथे बदल करू देणारा संदर्भ एकटाच असतो, हे कंपायलर स्वतः तपासतो आणि मगच एलएलव्हीएमला कळवतो. पण एलएलव्हीएमची त्या बाजूची यंत्रणा सीच्या जगात इतकी कमी वापरलेली होती, की तिचेच बग वर आले. रस्टला ती सोय बंद करावी लागली, आणि २०२१ च्या १.५४ आवृत्तीत ती पुन्हा चालू झाली. रेस्ट्रिक्ट दोन दशके भाषेत होता, आणि त्याच्या आधाराने उभे राहणारे यंत्र कुणी पुरते चालवूनच पाहिले नव्हते.

पुण्यात वाहनांसाठी एम्बेडेड सी लिहिणाऱ्यांना हा विषय मिस्रा सी या नियमावलीच्या ११.३ या नियमातून भेटतो: एका टाइपच्या पॉइंटरची दुसऱ्या टाइपच्या पॉइंटरमध्ये कास्ट नको. नियम शहाणा आहे. पण नोंदवून सूट घेण्याची सोय त्यात आहे, आणि हार्डवेअरजवळच्या कोडमध्ये ती सूट घ्यावीच लागते; मग त्या सुटीच्या कागदाला शेवटी आधार कशाचा, तर कंपायलरच्या त्याच एका सूचनेचा. मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल सी++ टाइपवरून असला अंदाज बांधतच नाही आणि त्यावाचून विंडोजचे काही अडलेले दिसत नाही. जीसीसी आणि क्लँग यांनीही ओ-टूवर हा नियम बंद ठेवावा, ज्याला हवा त्याने नाव घेऊन मागावा. जीसीसीने २.९५.२ मध्ये नेमके हेच केले होते.