चित्रपटाचे यंत्र आणि ग्रामीण प्रतिभा

कवीस कागद व लेखणी पुरते. चित्रपटकारास मात्र आरंभापासून धनिकाच्या दारी उभे राहावे लागले. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली विलायतेस जाऊन कॅमेरा आणला, तो आयुष्याचा विमा गहाण टाकून. पुढे कॅमेरे वाढले, तरी फिल्मचा खर्च सुटला नाही. पस्तीस मिलिमीटरची हजार फुटांची रीळ अवघ्या ११ मिनिटांत संपते, आणि एकदा चुकलेले चित्रण पुसता येत नाही. डिजिटल कॅमेऱ्याने व त्यामागून मोबाइलने हे बंधन तोडले. नवख्याला दिवाळे न निघता चुकण्याची मुभा मिळाली, हेच आमच्या मते या यंत्राचे खरे दान होय. शॉन बेकर या अमेरिकी दिग्दर्शकाचा 'टँजरीन' (२०१५) हा पूर्ण लांबीचा चित्रपट मोबाइलवरच चित्रित झाला.

मुभा मिळाली म्हणजे कला मिळाली काय? या प्रश्नाचा विचार करताना मालेगाव आठवते. तेथे शेख नासीर या हौशी माणसाने साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर 'मालेगाव के शोले' काढला. पुढच्या 'मालेगाव का सुपरमॅन'ची जन्मकथा फैजा अहमद खान यांनी २००८ च्या माहितीपटात टिपली आहे. सायकलवर बसून फिरते चित्रण करावयाचे, बैलगाडी कलती करून कॅमेरा उंच न्यावयाचा, अशी ही युक्ती! नायक यंत्रमागावरचा कामगार. कोणी म्हणेल, ही तर नक्कल. परंतु हा सुपरमॅन मालेगावच्या धुळीत वावरतो व तंबाखूच्या व्यापाराशी झुंजतो. कथा उसनी असली तरी दुःख गावचे आहे. म्हणूनच ते हसू पोकळ वाटत नाही.

याच्या पुढची पायरी उसनी कथाही टाकून देण्याची. ती आमच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्याने चढून दाखविली. करमाळा तालुक्यातील नागराज मंजुळे यांच्या 'पिस्तुल्या' या लघुपटास ५८ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत पदार्पणाचा सन्मान लाभला. शाळेची ओढ असूनही शाळेबाहेर राहणाऱ्या मुलाची ती गोष्ट आहे. 'फँड्री' त्यानंतर आला. बार्शीचे विनोद कांबळे यांच्या 'कस्तुरी'त शवविच्छेदनाच्या कामात घरच्यांना हातभार लावणारा मुलगा अंगाची दुर्गंधी जावी म्हणून कस्तुरी शोधू लागतो. असा विषय शहरातील धनिकास सुचला नसता. ज्याने ते जिणे जवळून पाहिले त्यासच तो दिसला.

तथापि यंत्राच्या स्वस्ताईची मर्यादाही ओळखली पाहिजे. चित्र सहज उमटते, पण ध्वनी सहजी साधत नाही. अनेक हौशी लघुपटांत वाऱ्याच्या घोंघाटात पात्रांचे बोलणेच हरवते. प्रेक्षकांपर्यंत पोचणे तर त्याहूनही बिकट. राष्ट्रीय पुरस्कारांत २०१९ सालचा उत्कृष्ट बालचित्रपट ठरलेला 'कस्तुरी' चित्रगृहांत यावयास २०२३ साल उजाडले. कॅमेरा गावात आला. पडद्याची किल्ली अजून शहरातच आहे. इंटरनेटवर चित्रपट ठेवता येतो हे खरे, परंतु तेथे धीराने पाहणारा प्रेक्षक मिळेलच असे नाही.

आमच्या धाराशिव जिल्ह्यातील तरुणांच्या हातीही आज हे यंत्र आहे. नळदुर्गचा पाणीमहाल आणि तुळजापूरची यात्रा ते हौसेने चित्रित करतात. त्यात गैर काही नाही. परंतु भूम-परांड्याकडील ऊसतोड मजूर मुलाबाळांसह गाव सोडून जातात, तेव्हा कुलूप लागलेल्या घरात मागे राहिलेली म्हातारी कोणी पाहिली आहे काय? आटलेल्या विहिरीच्या काठावरचे मौन कोणी ऐकले आहे काय? उलट मुंबईच्या चित्रपटांतील मारामारी आणि तेथलीच भाषा आमची पोरे गिरवीत बसतात, व घरी बोलली जाणारी रांगडी बोली विनोदापुरती उरते.

ही उसनवारी अशीच चालली, तर यंत्र स्वस्त होऊनही आपण दरिद्रीच राहू. घरोघरच्या वडीलधाऱ्यांनी मुलांच्या या नादास रिकामटेकडेपणा म्हणून हिणवू नये, त्यांनी काढलेले चित्र बसून पाहावे, आणि एवढेच विचारावे की, "बाळा, यात आपले गाव कोठे आहे?"