बदलते चुंबकीय क्षेत्र आणि स्पिनांची पुंज-गुंफण : एका आलेखाच्या वाचनाविषयी

परस्परक्रिया करणाऱ्या स्पिनांमधील पुंज-सहसंबंधांच्या अभ्यासात आर्नेसन, बोस व वेद्रल यांच्या २००१ मधील शोधनिबंधाचा आधार वारंवार घेतला जातो, आणि ते योग्यच आहे. हायझेनबर्ग प्रतिमानातील दोन प्रतिलोहचुंबकी स्पिनांची गुंफण तापमान व चुंबकीय क्षेत्र यांनुसार कशी बदलते, हे त्यात एका छोट्या सूत्रातून स्पष्ट होते. क्षेत्र क्रांतिक मूल्याहून अधिक असता शून्य तापमानाला गुंफण नसते. तापमान किंचित वाढविताच ती निर्माण होते. उष्णता पुंज-गुणधर्मांचा केवळ नाशच करते, या सरधोपट समजुतीला येथे तडा जातो.

अडचण आहे ती या निबंधाच्या वाचनात. आडव्या अक्षावर क्षेत्र व उभ्या अक्षावर कन्करन्स असा आलेख पाहिला की, क्षेत्र वाढवीत नेल्यास गुंफण त्या वक्ररेषेवरूनच सरकत जाईल, असे गृहीत धरले जाते. वस्तुतः वक्ररेषेवरील प्रत्येक बिंदू हा स्वतंत्र औष्णिक समतोल होय. दोन्ही स्पिनांवर एकाच दिशेने सारखेच क्षेत्र असता क्षेत्राचे पद व परस्परक्रियेचे पद क्रमनिरपेक्ष असतात. म्हणून प्रणाली परिसरापासून अलग ठेवून क्षेत्र कितीही मंद वा जलद बदलले, तरी तिची औष्णिक अवस्था आणि तिच्यासह गुंफण तसूभरही ढळत नाही. ऊर्जापातळ्या एकमेकींना ओलांडतात, परंतु सिंग्लेट अवस्था सिंग्लेटच राहते. आलेखातील उतार घडवून आणतो तो परिसराशी होणारा ऊर्जाविनिमय. क्षेत्र केवळ पातळ्या सरकविते.

शून्य कन्करन्स म्हणजे अभिजात अवस्था, हेही असेच घाईचे अनुमान. ऑलिव्हिए व झुरेक यांनी २००१ मध्ये मांडलेला 'डिसकॉर्ड' क्षेत्रविरहित स्थितीत, गुंफण नष्ट झाल्यानंतरच्या तापमानालाही शून्य होत नाही.

अनुप्रस्थ क्षेत्रातील आयझिंग शृंखलेची गोष्ट निराळी. तेथे दोन्ही पदे क्रमनिरपेक्ष नसल्याने क्षेत्रबदलाचा वेग निर्णायक ठरतो, आणि क्रांतिक बिंदू जलद ओलांडल्यास प्रणाली उत्तेजित अवस्थेत मागे राहते. ऑस्टर्लोह व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखविलेली, क्रांतिक बिंदूपाशी कन्करन्सच्या अवकलजाची अनंताकडे होणारी वाढ हीसुद्धा स्थिर क्षेत्रातील मूलावस्थेचीच आहे. दोन स्पिनांच्या सूत्रात तर काळ ही राशीच येत नाही. क्षेत्र किती वेगाने बदलले, या प्रश्नाचे उत्तर त्यातून काढता येत नाही.