चित्राखालची ओळ

‘सुबक व नामनिर्देशित आकृती काढा’ हा प्रश्न आपल्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतो. ‘दिलेली आकृती वाचा’ असे मात्र त्यांना क्वचितच सांगितले जाते. त्यामुळे आकृती ही काढून दाखवायची गोष्ट आहे, रेषा नीट आल्या आणि नावे एकाखाली एक लिहिली की गुण मिळतात, अशी समजूत पक्की होते. चित्रातून काही माहिती मिळवायची असते, हे शिकवायचे राहूनच जाते. याचा दोष केवळ शिक्षकांचा नाही. मुलांसाठी लिहिलेल्या माहितीपर पुस्तकांत चित्राखालची ओळ ज्या पद्धतीने लिहिली जाते, तिचाही तो आहे.

कोल्हापूरच्या शिक्षकांना जवळचे असे उदाहरण घेऊ. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे चित्र भूगोलात किंवा शेतीविषयक पुस्तकात हमखास भेटते. नदीच्या पात्रात ओळीने उभे दगडी खांब, खांबांना उभ्या खाचा आणि त्या खाचांत आडवे बसवलेले बरगे. बरग्यांच्या दोन रांगा असतात व त्यांच्यामध्ये माती भरतात. चित्राखाली ओळ असते : ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’. नाव बरोबर आहे. पण ते तर धड्याच्या शीर्षकातही होते. मग या ओळीने जास्तीचे काय सांगितले?

चित्रात बरगे बसवलेले आहेत, याचा अर्थ चित्र पावसाळा संपल्यानंतरचे आहे. पावसाळ्यापूर्वी हे बरगे काढून घेतात. मग पुराचे पाणी आणि त्याबरोबर येणारा गाळ खांबांमधल्या मोकळ्या वाटांनी निघून जातो. पाऊस ओसरला की बरगे पुन्हा बसवून उरलेले पाणी अडवायचे. बंधाऱ्याची सारी युक्ती या काढण्या-घालण्यात आहे आणि नेमकी तीच एका चित्रात दिसू शकत नाही. चित्र एका दिवसाचे असते. तो दिवस कोणता, हे सांगणे ओळीचे काम. ‘डिसेंबरमधील बंधारा. हे बरगे जूनपूर्वी काढतात. का?’ एवढे लिहिले असते तर मूल पुन्हा चित्राकडे वळले असते.

वेळेची जी गोष्ट, तीच आकाराची. अमीबाचे चित्र पानावर पाच सेंटिमीटर रुंद असते आणि पुढच्या धड्यातला बेडूकही तेवढाच. मोठ्यातला मोठा नेहमीचा अमीबा अर्धा मिलिमीटरच्या आसपास भरतो. म्हणजे तो शंभर पट मोठा करून छापला आहे, आणि बेडूक जवळजवळ आहे तेवढाच. दोन्ही चित्रांखाली नुसती नावे असतील, तर मुलाने हे कसे ओळखावे?

तिसरी गोष्ट पाहणाऱ्याच्या जागेची. पृथ्वीची सूर्याभोवतीची कक्षा बहुतेक चित्रांत लांबट अंड्यासारखी दिसते, कारण ती बाजूने, तिरकस नजरेने पाहिल्यासारखी काढलेली असते. ओळीत हे सांगितलेले नसते. मग उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते, असा निष्कर्ष मूल काढते. या निष्कर्षात मुलाची चूक नाही. त्याने चित्र प्रामाणिकपणे वाचले आहे. प्रत्यक्षात कक्षा जवळजवळ वर्तुळाकार आहे. जानेवारीच्या सुरुवातीस, आपल्याकडे थंडी असताना, पृथ्वी सूर्यापासून सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, म्हणजे सर्वांत जवळ असते. जुलैच्या सुरुवातीस ती सुमारे १५.२ कोटी किलोमीटरवर असते.

चित्र आणि शब्द यांची सांगड घालण्याचा प्रयत्न काही नवा नाही. कोमेनियस यांनी १६५८ साली मुलांसाठी काढलेल्या सचित्र पुस्तकात चित्रातल्या वस्तूंना आकडे दिले होते आणि तेच आकडे मजकुरात घातले होते. वाचणाऱ्याची नजर चित्रावरून शब्दाकडे आणि शब्दावरून चित्राकडे जावी, ही त्यामागची योजना होती. आपल्या बाणांनी व नावांनी यातला पहिला अर्धा भाग उचलला. नाव सापडले की नजर तिथेच थांबते.

पुस्तके सुधारतील तेव्हा सुधारोत. तोवर वर्गात काय करता येईल? आम्ही एक साधी रीत सुचवतो. धडा सुरू करण्यापूर्वी चित्राखालची ओळ कागदाच्या पट्टीने झाकायला सांगावी. मुलांनी आधी फक्त चित्र पाहून काय दिसते ते लिहावे. मग पट्टी काढावी आणि ओळीने नवे काय सांगितले ते विचारावे. शेवटी तीन प्रश्न : ही वस्तू खरोखर केवढी आहे? हे कोठून व केव्हा पाहिले आहे? यात काय दाखवलेले नाही? उत्तरे पुस्तकात नसतील तर शोधून मुलांनी स्वतःच नवी ओळ लिहावी. अभ्यासक्रम पुरा करायला वेळ कुठे आहे, ही शिक्षकांची अडचण आम्ही जाणतो. म्हणून प्रत्येक धड्यातले एकच चित्र घ्यावे; दहा मिनिटे पुरतात. घटक चाचणीत आकृती काढण्याऐवजी कधी छापील आकृती द्यावी आणि तिच्याखालची ओळ लिहायला सांगावी.

एवढा आग्रह कशासाठी? २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कोल्हापूरकरांनी रोज एक आकडा वाचला : राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी. तिथे ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. हा आकडा बंधाऱ्याजवळच्या मोजपट्टीवरचा आहे, आपल्या गल्लीतल्या पाण्याची खोली नव्हे, हे न कळणारे मूल एक तर उगाच घाबरेल, नाही तर ‘आमच्या दारात कुठे ४३ फूट पाणी आहे?’ म्हणून निर्धास्त राहील. दोन्ही धोक्याचे. मोजपट्टी, नकाशा, आलेख ही सारी चित्रेच आहेत आणि त्यांच्याखालची ओळ वाचण्याची सवय शाळेतच लागायला हवी. पाणी चढू लागल्यावर ती शिकवायला सवड नसते.