दोन कवट्यांची पाटी

दुसऱ्या महायुद्धातलं एक छायाचित्र मी पुन्हा पुन्हा काढून बघतो. पापुआ न्यू गिनीतलं अमेरिकी सैन्याचं ३६३ क्रमांकाचं रुग्णालय. तिथे एक पाटी, पाटीला लावलेल्या दोन मानवी कवट्या आणि एका ओळीचा मजकूर: ‘या माणसांनी आपली अ‍ॅटाब्रिन घेतली नाही.’

अ‍ॅटाब्रिन ही हिवतापाची गोळी. १९४२मध्ये जपानने जावा बेट घेतलं, तिथून येणारं क्विनाइन दोस्त राष्ट्रांना मिळेनासं झालं आणि ही कृत्रिम गोळी सैनिकांच्या तळहातावर आली. चवीला कडू जहर, त्यात अंग पिवळं पाडणारी. तिच्यामुळे पुरुषत्व जातं, अशी आवईही छावण्यांत उठलेली. गोळी खरंच गिळली का, हे बघायला अधिकारी समोर उभे राहत.

आता ते वाक्य पुन्हा वाचा. त्यात ‘घ्या’ नाही, ‘खबरदार’ नाही. साधा भूतकाळ आणि एक नकार. पुढे काय झालं ते कवट्यांवर सोपवलंय. अर्धं वाक्य रंगाचं, अर्धं हाडांचं. ‘या माणसांनी’ म्हणताना तर अशी ओळख करून दिलीय, जणू दोघं कालपर्यंत तुमच्याच रांगेत ताटली घेऊन उभे होते. हसू फुटतं ते इथे, आणि घशात अडकतं तेही इथेच. ‘आपली’ हा शब्दही बघा. गोळी सरकारी, सक्तीची. पाटी मात्र ती ज्याची त्याची करून टाकते. मरण रोज बघणाऱ्याला आणखी काय भिववणार? म्हणून त्याच्याच बोलीत त्याची थट्टा केलीय.

हेच औषध बर्मा आघाडीवर मेपाक्रिन नावाने होतं. तिथले ब्रिटिश सेनापती जनरल स्लिम यांनी अचानक तपासण्या लावल्या. ९५ टक्क्यांपेक्षा कमी जवानांनी गोळी घेतलेली आढळली, की त्या तुकडीचा प्रमुख पदावरून जाई. तिघं गेले, बाकीचे समजले. हुकूम आपल्या जागी चोखच होता, पण ऐंशी वर्षांनीही मनातून जात नाही ती पाटीच.

एक गोष्ट मात्र सलते. ती डोकी कुणाच्या तरी घरच्या माणसांची होती, आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं. हाडांवाचून ते वाक्य उभं राहत नाही, हे कळूनही मी म्हणेन: त्या कवट्या पुरायला हव्या होत्या.